चीनचा इतिहास वाचायचाय? भरवशाची साधनं शोधण्याची आणि पारखण्याची वाट

आपल्या मनात चीनचा इतिहास तुटक असतो. शाळेच्या पुस्तकात फाहियान आणि ह्युएन त्संग भेटतात, मग थेट १९६२चं युद्ध. मधली तेरा शतकं मोकळीच राहतात, आणि ती मोकळी जागा हल्ली व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड भरून काढतात. ‘पाच हजार वर्षांची सलग संस्कृती’ इथपासून ‘अमेरिका चिन्यांनीच शोधली’ इथपर्यंत काहीही त्यात सापडतं.

हा लेख चिनी भाषा येत नसलेल्या, विद्यापीठाचं ओळखपत्र हाताशी नसलेल्या, पण हा विषय नीट समजून घ्यायची इच्छा असलेल्या वाचकासाठी आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत आणि पहिल्या वेळी तरी तो क्रम पाळावा. एक गोष्ट मात्र सगळ्याच पायऱ्यांवर लागू आहे. समोर आलेल्या प्रत्येक साधनाला चार प्रश्न विचारायचे: हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, घटनेनंतर किती काळाने लिहिलं, आणि ते आपल्या हातात कोणत्या वाटेने आलं. सम्राटाच्या दरबारातला ग्रंथ असो की कालचा लेख, या चार प्रश्नांतून कुणाचीच सुटका नाही.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘मला चीनचा इतिहास वाचायचाय’ असं म्हणून बसलात तर दोन महिन्यांत राजघराण्यांची यादी पाठ होईल आणि बाकी काही हाती लागणार नाही. त्याऐवजी एक प्रश्न निवडा. चीनचं पहिलं साम्राज्य, छिन, अवघ्या पंधरा वर्षांत का कोसळलं? मुंबईहून गेलेल्या अफूचं चीनमध्ये काय झालं? १९५८ ते १९६२ या काळात चिनी खेड्यांत किती माणसं भुकेने मेली आणि ते आपल्याला कसं कळलं? असा प्रश्न हातात असला की साधन उपयोगाचं आहे की नाही हे लगेच कळतं. हे तीन प्रश्न मी मुद्दाम निवडले आहेत, पुढे तिन्ही कामाला येतील.

दुसरी पायरी: कणा म्हणून एकच पुस्तक

प्रश्न कितीही लहान असला तरी त्याच्या मागचा-पुढचा काळ माहीत हवा. त्यासाठी एक मुख्य पुस्तक निवडा आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका. एकाच खंडात सगळं हवं असेल तर केंब्रिजने १९९६मध्ये काढलेला पॅट्रिशिया एब्री यांचा सचित्र इतिहास घ्या. चित्रं आणि नकाशे भरपूर आहेत, भाषा सोपी आहे. आधुनिक काळच हवा असेल तर जोनाथन स्पेन्स यांचं १९९०चं ‘द सर्च फॉर मॉडर्न चायना’ मिंग घराण्याच्या उतरत्या काळापासून सुरू होतं आणि कथनाची पकड शेवटपर्यंत सोडत नाही.

थोडं खोलात जायचं असेल तर माझी शिफारस हार्वर्डच्या सहा खंडांच्या मालिकेची. टिमथी ब्रूक तिचे संपादक आहेत. इ.स.पू. २२१मधल्या छिन एकीकरणापासून १९१२मध्ये छिंग या शेवटच्या घराण्याची सत्ता संपेपर्यंतचा काळ तीत येतो. पहिले तीन खंड मार्क एडवर्ड लुईस यांचे, सोंग काळाचा डीटर कून यांचा, युआन-मिंगचा खुद्द ब्रूक यांचा आणि छिंगचा विल्यम रो यांचा. नुसत्या लढाया आणि सम्राट नाहीत. शेती, शहरं, कुटुंब, कायदा, धर्म यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. तुमच्या प्रश्नाचा काळ असलेला एक खंड घेतला तरी पुरे.

‘केंब्रिज हिस्टरी ऑफ चायना’ हा जाडजूड खंडांचा संच १९७८पासून निघतो आहे. तो सलग वाचायचा नाही. एखाद्या मुद्द्यावर अडलात की त्यातलं तेवढंच प्रकरण काढायचं. आणि साधनांचंच साधन म्हणावं असं एक पुस्तक आहे, एंडिमिअन विल्किन्सन यांचं ‘चायनीज हिस्टरी: अ न्यू मॅन्युअल’. कोणत्या काळासाठी कोणते ग्रंथ, कोणते कोश, कोणते शिलालेख, कुठली दिनदर्शिका, हे सगळं त्यात आहे. हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ विकत घ्यायची गरज नाही, पण एखाद्या मोठ्या ग्रंथालयात दिसला तर अर्धा दिवस त्याच्यासोबत बसा. अभ्यासक साधनं कशी शोधतात ते तिथे उलगडतं.

तिसरी पायरी: नावांचा आणि तारखांचा गुंता आधी सोडवा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण ती ओलांडून जातात. त्याची किंमत शोध घेताना मोजावी लागते. रोमन लिपीत चिनी नावं लिहिण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत: जुनी वेड-जाइल्स आणि चीनने १९५८मध्ये स्वीकारलेली पिनयिन. १९८०च्या आधीच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत जुनी पद्धत किंवा त्याहून वेगळी, आधीपासून रूढ असलेली रूपं आहेत, त्यामुळे पेकिंग आणि बीजिंग, कँटन आणि ग्वांगझू, माओ त्से-तुंग आणि माओ झेदोंग अशा जोड्या तयार होतात. ग्रंथालयाच्या यादीत किंवा इंटरनेटवर शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहिलीच पाहिजेत, नाहीतर निम्मं साहित्य दिसतच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोडयादी करत जा.

सम्राटांची गंमत आणखी वेगळी. कांगशी हे खरं तर कारकिर्दीचं नाव. त्या सम्राटाचं व्यक्तिनाम श्वेनये आणि मरणोत्तर पूजेसाठीचं नाव शंगझू. तिन्ही नावांनी तोच माणूस निरनिराळ्या ग्रंथांत भेटतो. शिवाय तो गादीवर आला १६६१मध्ये, पण कांगशी कारकिर्दीचं पहिलं वर्ष मोजलं जातं १६६२पासून. शिवकालीन कागद वाचणाऱ्यांना शक, हिजरी आणि सुहूर सन यांची उलटापालट ओळखीची असते. इथेही तसंच गणित करावं लागतं. तैवानच्या अकादेमिया सिनिका या संशोधनसंस्थेने चिनी आणि पाश्चात्त्य तारखांचं रूपांतर करणारं साधन इंटरनेटवर ठेवलं आहे, ते वापरा. हाताने केलेला हिशेब चांद्रवर्षाच्या अखेरीला हमखास चुकतो.

माणसांसाठी हार्वर्ड, अकादेमिया सिनिका आणि पेकिंग विद्यापीठ यांनी मिळून उभारलेली ‘चायना बायोग्राफिकल डेटाबेस’ मोफत आहे. तिच्यात ५ लाखांहून अधिक ऐतिहासिक व्यक्तींच्या नोंदी आहेत: पर्यायी नावं, नातेसंबंध, परीक्षा, पदं. ठिकाणांसाठी हार्वर्ड आणि शांघायचं फूदान विद्यापीठ यांचा ‘चायना हिस्टॉरिकल जीआयएस’ हा प्रकल्प इ.स.पू. २२१ ते इ.स. १९११ या काळातल्या प्रशासकीय सीमा आणि गावं दाखवतो.

नकाशांबद्दल एक सावधगिरी. चिनी ऐतिहासिक भूगोलाचा सर्वांत मोठा नकाशासंग्रह थान छीश्यांग यांच्या संपादनाखाली १९८०च्या दशकात आठ खंडांत निघाला. काम अफाट आहे. पण अठराव्या शतकाच्या मध्यापासून अफू युद्धापर्यंत छिंग साम्राज्याची जी हद्द होती, तीच ‘चीन’ची चौकट मानून सगळ्या काळांचे नकाशे आखायचे, असं त्याचं जाहीर संपादकीय धोरण होतं. तिबेट किंवा शिनज्यांगविषयी वाचताना हे ठाऊक नसेल तर नकाशा तुम्हाला नकळत एका बाजूला बसवून टाकतो.

चौथी पायरी: दरबारी इतिहास वाचा, पण बाजूला माती ठेवा

चीनइतकं इतिहासलेखन फार थोड्या देशांत झालं आहे. सिमा छियेन या इतिहासकाराने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला १३० प्रकरणांचा ‘शिजी’ हा इतिहासग्रंथ पूर्ण केला. तो धरून, त्याच्याच धर्तीवर एकूण चोवीस अधिकृत इतिहास तयार झाले. बहुतेकदा एका घराण्याचा इतिहास पुढच्या घराण्याने लिहिला, आणि चार प्रश्नांतला दुसरा इथेच डोकं वर काढतो. मिंग घराण्याचा अधिकृत इतिहास १७३९मध्ये पूर्ण झाला तो छिंग दरबारात, म्हणजे मिंगच्या जागी बसलेल्यांच्या देखरेखीखाली. शेवटचा मिंग काळ त्यात कुजलेला दिसणं ओघानेच आलं.

हे ग्रंथ पाहण्यासाठी डोनाल्ड स्टर्जन यांनी उभारलेलं ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ हे मोफत संकेतस्थळ आहे. कन्फ्युशियस, मंग-त्झू वगैरेंच्या मूळ पाठाशेजारी बऱ्याच ठिकाणी जेम्स लेग यांचा इंग्रजी अनुवाद दिसतो. लेग एकोणिसाव्या शतकातले मिशनरी होते; त्यांची मेहनत आजही आदराने सांगितली जाते, पण त्यांची धार्मिक परिभाषा त्यांच्या काळाची आहे. शेजारी एखादा विसाव्या शतकातला अनुवाद ठेवा. ‘शिजी’साठी बर्टन वॉटसन यांचा अनुवाद वाचनीय आहे, तर विल्यम नीनहाउझर यांच्या संपादनाखालचा अनुवाद टीपांनी भरलेला आहे. आधी वॉटसन, मग अडल्या जागी नीनहाउझर, हा क्रम मला सोयीचा वाटतो. निवडक उतारेच पुरणार असतील तर कोलंबिया विद्यापीठाचं ‘एशिया फॉर एज्युकेटर्स’ हे संकेतस्थळ शिक्षकांसाठी केलेलं, नेटकं आणि मोफत आहे.

आता पहिल्या पायरीवरचा छिनचा प्रश्न. सिमा छियेन सांगतो की इ.स.पू. २०९मध्ये चन शंग नावाचा माणूस सीमेवर पहाऱ्याला जाणाऱ्या तुकडीसोबत निघाला, पावसाने वाट अडली, उशीर झाला, आणि उशिराची शिक्षा मृत्यूच असल्याने त्याने बंड केलं. क्रूर कायद्याने साम्राज्य बुडवलं, ही कथा इथून रुजली. सिमा छियेन मात्र हान सम्राटाच्या पदरी होता आणि हान सत्ता छिनच्या राखेवर उभी होती.

१९७५मध्ये हुबेई प्रांतात श्वेहूदी इथे शी नावाच्या एका कनिष्ठ छिन अधिकाऱ्याची कबर सापडली. तो इ.स.पू. २१७च्या सुमारास वारला होता आणि त्याच्यासोबत अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या पुरल्या होत्या. त्यांवर खुद्द छिनचे कायदे होते. सरकारी वेठीला उशिरा पोचणाऱ्यांबद्दलचा नियम तिथे मिळाला: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर खडसावणे, सहा ते दहा दिवस झाला तर एका ढालीचा दंड, त्याहून जास्त झाला तर एका चिलखताचा. पावसामुळे काम होऊ शकलं नाही तर माफी. हा नियम सीमेवरच्या पहाऱ्यालाही लागू होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो संपलेला नाही. पण ‘उशीर म्हणजे मृत्यू’ हे वाक्य आता कुणालाही डोळे मिटून लिहिता येत नाही.

याचा अर्थ सिमा छियेन खोटा ठरला असा घेऊ नका. त्याने आपल्या आधी हजार वर्षं होऊन गेलेल्या शांग राजांची वंशावळ दिली होती. ती दंतकथाच असेल असं अनेकांना वाटायचं. १८९९मध्ये भविष्यकथनासाठी वापरलेल्या हाडांवरचा मजकूर अभ्यासकांच्या नजरेस आला, आणि १९१७मध्ये वांग ग्वोवेई यांनी दाखवून दिलं की हाडांवर कोरलेली राजांची नावं ‘शिजी’तल्या वंशावळीशी मोठ्या प्रमाणात जुळतात. एकच लेखक एका जागी डळमळतो आणि दुसऱ्या जागी पक्का निघतो. म्हणून विश्वास ग्रंथावर सरसकट ठेवायचा नाही, विधानागणिक ठेवायचा.

हीच हाडं ‘पाच हजार वर्षां’च्या दाव्याचंही उत्तर देतात. चीनमधला सलग वाचता येणारा सर्वांत जुना लिखित पुरावा इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपासचा आहे. त्याआधी समृद्ध पुरातत्त्वीय संस्कृती आहेत, पण त्यांना शिया घराण्याचं नाव द्यायचं का, हा प्रश्न खुला आहे. चिनी सरकारच्या पाठबळाने १९९६ ते २००० या काळात झालेल्या प्रकल्पाने शियाची सुरुवात इ.स.पू. २०७० धरली, चीनबाहेरच्या अनेक अभ्यासकांनी त्या पद्धतीवर आक्षेप घेतले. या काळावर वाचताना निव्वळ ग्रंथांवर बेतलेलं पुस्तक बाजूला ठेवा आणि मायकेल लोव व एडवर्ड शॉनेसी यांनी संपादित केलेला १९९९चा केंब्रिजचा प्राचीन चीनवरचा खंड पाहा, कारण त्यात ग्रंथ आणि उत्खनन शेजारी शेजारी ठेवले आहेत.

या पायरीवरून पुढे जाण्याआधी सिमा ग्वांगला नमस्कार करावासा वाटतो. या सोंगकालीन इतिहासकाराने १०८४मध्ये २९४ प्रकरणांचा कालक्रमिक इतिहास सम्राटाला सादर केला आणि सोबत ‘खाओ-यी’ नावाचा वेगळा ग्रंथ जोडला. एकाच घटनेबद्दल साधनं परस्परविरोधी असतील तर आपण कोणतं स्वीकारलं आणि का, हे त्यात सांगितलं आहे. साधनांची पारख ही पश्चिमेकडून आलेली आधुनिक सवय आहे असं वाटणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पाचवी पायरी: फुकट मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांपासून जपून

स्वामित्वहक्क संपलेली शेकडो पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. पैसे वाचतात म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो आणि फसतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे ब्लँड आणि बॅकहाउस यांचं सम्राज्ञी त्सिशीवरचं १९१०चं पुस्तक. दरबारी अधिकारी जिंगशान याची रोजनिशी हा त्याचा मोठा आधार होता. अनेक दशकं तिच्यावर इतिहास लिहिला गेला. पुढे ती रोजनिशी बनावट असल्याचं सिद्ध झालं, आणि ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९७६मध्ये बॅकहाउसच्या आयुष्यभराच्या बनवेगिरीचा पंचनामाच मांडला. पुस्तक मात्र आजही एका क्लिकवर उतरवता येतं, आणि त्याच्यावर कुठेही ‘बनावट’ असा शिक्का नाही.

नियम सोपा आहे: १९५०च्या आधीचं कोणतंही पुस्तक वापरण्याआधी, त्याच्याबद्दल गेल्या तीस वर्षांत कोणी काय लिहिलं ते शोधा.

नवी पुस्तकंही आंधळेपणाने घेऊ नका. २००२मध्ये गेविन मेंझिस यांनी मिंग दरबाराचा नौसेनानी झेंग हे याच्या ताफ्याने अमेरिका गाठल्याचा दावा केला आणि पुस्तक धो-धो खपलं. २००४मध्ये ‘जर्नल ऑफ वर्ल्ड हिस्टरी’त रॉबर्ट फिनले यांनी त्यातला एकेक पुरावा उलगडून दाखवला, हाती काहीच उरलं नाही. वाईट याचं वाटतं की झेंग हेचा खरा इतिहास मुळातच विलक्षण आहे. १४०५ ते १४३३ या काळात सात मोहिमा झाल्या. त्याच्यासोबत गेलेल्या मा ह्वानने कोची आणि कालिकतचं वर्णन लिहून ठेवलं, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. श्रीलंकेत गॉल इथे त्याने पाठवलेला चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतला शिलालेख सापडला. तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढं हाताशी असताना कल्पित अमेरिका कशाला हवी?

सहावी पायरी: विसाव्या शतकात आकडे वाचायला शिका

इथे साधनं सर्वांत जास्त आणि दडपणही सर्वांत जास्त. चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या इतिहासाबद्दल १९४५, १९८१ आणि २०२१ असे तीन ठराव केले आहेत. चीनमध्ये छापलेलं आधुनिक काळावरचं पुस्तक कोणत्या ठरावाच्या छायेत लिहिलं गेलं, हे त्याच्या प्रकाशनवर्षावरून ताडता येतं. ‘ऐतिहासिक शून्यवाद’, म्हणजे पक्षाला मान्य असलेला इतिहास नाकारणं, या आरोपाखाली गेल्या दशकभरात तिथली लेखनाची मोकळीक आक्रसली आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं दप्तर २००४मध्ये अभ्यासकांना खुलं झालं होतं. २०१२-१३च्या सुमारास ते बरंचसं पुन्हा बंद केलं गेलं. मधल्या काळात नकलून घेतलेल्या कितीतरी कागदांचे इंग्रजी अनुवाद विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहात आहेत. असे संग्रह कायम राहतीलच याची खात्री नसते, म्हणून महत्त्वाच्या कागदाची प्रत उतरवून ठेवा.

आता १९५८ ते १९६२चा दुष्काळ. इंटरनेटवर तुम्हाला एकच आकडा ठासून सांगितलेला दिसेल. प्रत्यक्षात चिनी लोकसंख्याशास्त्रज्ञ ज्यांग झंगह्वा यांचा अंदाज सुमारे १ कोटी ७० लाख अधिकच्या मृत्यूंचा आहे. इतिहासकार त्साओ शूजी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्थानिक इतिहासग्रंथांतून माहिती गोळा करून सुमारे ३ कोटी २५ लाख हा आकडा काढला. पत्रकार यांग जिशंग यांनी ३ कोटी ६० लाख म्हटलं. फ्रँक डिकॉटर यांनी निदान साडेचार कोटी म्हटलं, आणि त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीवर परीक्षकांनी प्रश्न उभे केले.

हे आकडे एवढे वेगळे का? कारण सरकारी मृत्युनोंदी अपुऱ्या होत्या, म्हणून १९५३, १९६४ आणि १९८२च्या जनगणनांमधून मागे जाऊन हिशेब करावा लागतो. दुष्काळ पडला नसता तर ‘नेहमीचे’ मृत्यू किती झाले असते, हे प्रत्येक जण वेगळं धरतो, आणि न नोंदलेल्या मृत्यूंची भरही वेगवेगळी घालतो. वाचकाने इथे सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान आकडा उचलायचा नसतो. कोणी कोणता पाया धरला ते टिपायचं आणि लिहिताना अंदाजांचा पल्ला द्यायचा. सर्वांत कमी अंदाज घेतला तरी ती मानवी इतिहासातली एक प्रचंड शोकांतिका आहे. तिच्याशी प्रामाणिक राहायचं तर आकड्यांशीही प्रामाणिक राहावं लागतं.

सातवी पायरी: लेख आणि परीक्षणं मिळवा

पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे त्याची दोन परीक्षणं वाचणं, शक्यतो परस्परांशी न पटणारी. ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’, ‘चायना क्वार्टर्ली’, ‘लेट इम्पीरियल चायना’, ‘अर्ली चायना’ या नियतकालिकांत ती मिळतात. आपल्याकडे दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीजशी जोडलेलं ‘चायना रिपोर्ट’ १९६४पासून निघतं. भारत-चीन संबंधांवर वाचणाऱ्याने ते चाळावंच.

वर्गणी परवडत नसेल तर मार्ग आहेत. जेस्टोरवर वैयक्तिक खातं काढलं की दर महिन्याला ठरावीक लेख मोफत वाचता येतात. घरात कुणी सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर विचारा: १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३,००० नियतकालिकं अशा संस्थांना खुली झाली आहेत. पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज, मुंबईत एशियाटिक सोसायटी इथली ग्रंथालयं आहेतच. भांडारकर संस्थेने १९७०मध्ये पु. वि. बापट आणि अकिरा हिराकावा यांचा बौद्ध भिक्षूंच्या नियमांवरच्या (विनय) एका टीकाग्रंथाच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता. पुण्यात बसून चिनी साधनांवर काम करायची परंपरा जुनी आहे. मराठीत झटकन पार्श्वभूमी हवी असेल तर मराठी विश्वकोशातली ‘चीन’ ही नोंद वाचा, फक्त ती कधी लिहिली गेली हे ध्यानात ठेवा.

विकिपीडियाचा उपयोग तळटीपांपुरता करा. २०२२मध्ये चिनी विकिपीडियावर उघड झालेला प्रकार आठवावा: एकाच व्यक्तीने मध्ययुगीन रशियावर दोनशेहून अधिक लेख कल्पनेतून रचले होते, तळटीपांसकट, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एआय चॅटबॉटचंही तसंच. ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं आत्मविश्वासाने सांगू शकतात. त्यांनी दिलेलं प्रत्येक नाव वर्ल्डकॅटसारख्या ग्रंथसूचीत सापडतं का ते पाहा, आणि सापडलं तरी दिलेल्या पानावर खरोखर तेच लिहिलंय का ते उघडून बघा.

आठवी पायरी: आपल्या दारातली साधनं

चिनी इतिहासाचा काही भाग आपल्याच भूमीत पडलेला आहे, आणि पारखीची सवय लावायला त्याहून चांगली जागा नाही.

ह्युएन त्संगपासून सुरुवात करा. तो सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. परतल्यावर सम्राट थायत्सुंगच्या सांगण्यावरून ६४६मध्ये त्याचा प्रवासग्रंथ तयार झाला. त्यात तो महाराष्ट्रातली माणसं स्वाभिमानी असल्याचं, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी असल्याचं सांगतो. राजा पुलकेशीचं नाव घेतो आणि पूर्वपश्चिम जिंकणाऱ्या हर्षालाही हा प्रदेश नमवता आला नाही, असं लिहितो. आता चार प्रश्न विचारा. लेखक हर्षाच्या आश्रयाला राहिलेला, त्याचा मनापासून चाहता. म्हणजे आश्रयदात्याचं अपयश तो स्वतःच्या कलाविरुद्ध नोंदवतो आहे. वाचक चीनचा सम्राट, ज्याला दख्खनच्या राजाची खुशामत करायचं काहीच कारण नाही. आणि दुसरीकडे ऐहोळेचा रविकीर्तीचा शिलालेख आहे, शक ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५चा, पुलकेशीच्या बाजूने लिहिलेला. तोही हर्षाचा पराभव सांगतो. दोन साक्षीदार, एकमेकांना न ओळखणारे, वेगवेगळ्या हितसंबंधांचे, एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. इतिहासात याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. ग्रंथाचा सॅम्युअल बील यांचा १८८४चा अनुवाद मोफत मिळतो, पण ली रोंगशी यांचा १९९६चा अनुवाद अधिक भरवशाचा आहे आणि बीडीके अमेरिका या संस्थेच्या संकेतस्थळावरून तोही मोफत उतरवता येतो. दोन्ही समोर ठेवून महाराष्ट्राचा उतारा ताडून पाहा.

दुसरा सराव अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची. त्या व्यापारातल्या बड्या नावांपैकी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या व्यापारी पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मुंबई सरकारची त्या काळची दप्तरं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. चीनच्या बाजूने, अफूबंदीसाठी सम्राटाने कँटनला पाठवलेले अधिकारी लिन त्सशू यांचं १८३९मधलं राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेलं पत्र अनुवादात सहज मिळतं. त्याच वर्षी त्यांनी हूमन इथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली होती. ब्रिटिश संसदेचे छापील कागद ही तिसरी बाजू. आधी लिन यांचं पत्र वाचा, मग संसदेतले कागद. त्यानंतर ओळखपत्र आणि अर्ज घेऊन मुंबईच्या ग्रंथालयात जा, आणि १८३९-४० या दोन वर्षांचीच पत्रं मागा. प्रत्येक नोंदीपुढे वहीचा क्रमांक, पत्राची तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, एवढं टिपा, आणि तुमचं स्वतःचं मत वेगळ्या शाईत लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कागद काय म्हणतो आणि तुम्ही काय म्हणता यांची सरमिसळ होणार नाही.